उणे मत

लोधीखेड्याची ती बाई माझ्या दुकानात पहिल्यांदा आली, ती आधार कार्डाची झेरॉक्स काढायला. सौंसरच्या बसस्टँडपासून थोडं आत आमचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. नवरा संत्र्याचा बगीचा पाहतो, दुकान मी पाहते. लाइट नुकतीच आली होती, मशीन गरम होत होती, आणि तेवढ्या वेळात ती काउंटरवर पडलेल्या माझ्या मोबाइलकडे वाकून वाचायला लागली.

"ताई, हे मराठीत काय लिहून राहिल्या तुमी?"

मी तिला सांगितलं. एक साईट आहे, तिच्यावर आपण लिहायचं. लोक वाचतात, आवडलं तर मत देतात, मतांचे पॉइंट जमतात आणि पॉइंटचे पुढे थोडेफार पैसे होतात.

"मोबाइलचा रिचार्ज निघते का?"

"चांगलं लिहिलं तर निघते."

"मले तं बाप्पा ब्लाऊजच शिवता येते," ती हसून म्हणाली.

"मग ब्लाऊजचंच लिहा."

मी ते सहज बोलून गेले. ती मात्र झेरॉक्स घडी करून पर्समध्ये ठेवता ठेवता थांबली आणि म्हणाली, "दाखवा बरं, कसं करतात ते." तिचं खातं मीच उघडून दिलं.

आमचा भाग नागपूरला लागून, पण मध्य प्रदेशात. घरात मराठी आणि कागदावर हिंदी असते. शाळा हिंदी, अर्ज हिंदी, दुकानाची पाटी हिंदी. माझं माहेर पांढुर्ण्याचं. तिथं शाळेत मराठी हा एक विषय होता आणि तो शिकवायला सर होते. आज मी चार ओळी मराठीत लिहू शकते ते त्यांच्यामुळे. रविवारी सकाळी ते आम्हा तीन मुलींना घरी बोलवून निबंध लिहून घ्यायचे, एक पैसा न घेता. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की तो शब्द दहा वेळा लिहायला लावायचे. नागपूरला कॉलेजात पहिल्याच दिवशी ते 'मले' म्हणाले आणि सगळा वर्ग हसला, असं त्यांनी आम्हाला एकदा सांगितलं होतं. "त्या दिवसापासून मी 'मला'च म्हणतो," ते म्हणाले. आणि खरंच, पांढुर्ण्यात भाजीवाल्याशीसुद्धा ते पुस्तकातलं मराठी बोलायचे.

त्या साईटवर मी काही वर्षांपूर्वी लिहायला लागले. तिथं मराठी लिहिणाऱ्यांचा एक समूह आहे. पुढे त्या समूहाच्या तीन मॉडरेटरांपैकी मी एक झाले. दुसरे कोल्हापूरचे, बँकेतून रिटायर झालेले. तिसरी पुण्याची, नोकरी करणारी एक तरुण मुलगी. तिघं कधी समोरासमोर भेटलेलो नाही, पण रोजचं बोलणं होतं. कोणी दुसऱ्याचं लिहिलेलं आपल्या नावावर टाकलं, कोणी भांडण काढलं, कोणी घाणेरडं बोललं, की ते पाहणं आमचं काम.

सर रिटायर झाले तेव्हा मीच त्यांना तिथं आणलं. दोनदा पांढुर्ण्याला गेले आणि त्यांच्या व्हरांड्यात बसून त्यांना फोटो कसा लावायचा, पोस्ट कशी टाकायची, सगळं शिकवलं. काकू, म्हणजे सरांची बायको, आम्हाला चहा देत हसत होत्या. "आता शिष्यीण मास्तरले शिकवून राहिली," म्हणाल्या.

त्या साईटवर एक सोय आहे. जुन्या सभासदाच्या मताला वजन असतं. त्याच्या एका मतानं जितके पॉइंट भेटतात तितके नव्याच्या दहा मतांनी भेटत नाहीत. हे वजन आपल्याला दुसऱ्याला वापरायला देता येतं, त्याला ते पुढे तिसऱ्यालाही देता येतं, आणि आपण ते केव्हाही परत घेऊ शकतो. मी माझं अर्ध्याहून जास्त वजन सरांच्या खात्याला दिलं. गुरुदक्षिणा म्हणून दिलं, असं तेव्हा मनात आलं होतं.

सर मराठीच्या वैभवावर लिहायचे. अनुस्वार कुठे द्यावा, अलंकार किती, असे विषय. लिखाणात एक चूक नसायची आणि वाचणारे चार-पाच असायचे. एकदा त्यांची एक पोस्ट जुन्या गाईडमधून जशीच्या तशी उतरवलेली निघाली. कोल्हापूरच्या काकांनी ती पकडली. मी सरांना फोन केला. "अगं, माझी जुनी टिपणं होती ती," सर म्हणाले, "कुठून घेतली होती ते लिहायचं राहिलं." मी काकांना विनंती करून ते प्रकरण मिटवलं. बाकी कोणाचं असतं तर मी मिटवलं नसतं.

लोधीखेड्याच्या बाईनं पहिलं जे लिहिलं ते असं होतं की माप देताना प्रत्येक बाई श्वास आत ओढते, आणि ती हे ओळखून टेप एक बोट सैल धरते. सगळं बोलल्यासारखं लिहिलं होतं. मले, तिले, काऊन, कायले. माझा हात लाल पेन शोधायला लागला. पण पुण्याची मुलगी म्हणाली, "मॅडम, एक अक्षर बदलू नका." आणि मतांचा पाऊस पडला. मग तिनं त्या म्हातारीबद्दल लिहिलं जिनं ब्लाऊजला आतून खिसा मागितला, बीपीच्या गोळ्या ठेवायला, कारण सून गोळ्या लपवते. त्या नवरीबद्दल लिहिलं जी लग्नाच्या चार ब्लाऊजांची मापं देऊन गेली आणि आठ दिवसांनी तिची आई एकटीच येऊन कापड परत घेऊन गेली. दर आठवड्याला समूहात सगळ्यात वर तिचंच लिखाण दिसायला लागलं. त्या पॉइंटमधून तिनं पिको-फॉलची मशीन घेतली आणि पेढे घेऊन दुकानात आली.

मला इतका आनंद झाला की मी सरांना फोन करून सांगितलं. "सर, ती पुण्या-मुंबईची नाही. आपल्या लोधीखेड्याची आहे. बाजाराच्या रस्त्यावर दुकान आहे तिचं, हिरवा पडदा लावलेला. कधी जामसांवलीला दर्शनाला आलात तर दाखवते."

"असं का," सर म्हणाले. "चांगलं आहे."

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी ते खातं आलं. फोटो नाही, नावाच्या जागी नुसते आकडे. तिच्या पोस्टखाली पहिली कमेंट होती, "ही भाषा गोठ्यात बोलतात, लिहीत नाहीत." अशा कमेंटा येतात, मी सोडून दिली. मग उणे मतं पडायला लागली. तिथं मत देता येतं तसं विरोधात, म्हणजे उणे मतही देता येतं. कोणी जड वजनाचा माणूस उणे मत देतो तेव्हा इतरांनी दिलेले पॉइंटसुद्धा खाली येतात. पोस्ट फिकट होऊन तळाशी जाते.

तिचा फोन आला. "ताई, माहे पॉइंट उतरून राहिले. मी काही चुकीचं लिहिलं का?"

"नाही हो. कोणीतरी रिकामटेकडा आहे. लक्ष नका देऊ."

लक्ष नका देऊ. हे मी तिला तीनदा सांगितलं असेन. मॉडरेटर होते मी. लक्ष देणं हेच माझं काम होतं.

चौथ्यांदा तिनं फोन केला नाही, कमेंटचा फोटो पाठवला. तिनं विचारलं नव्हतं काहीच, नुसता फोटो होता. त्यात लिहिलं होतं, "तू कोणाकोणाचं माप घेतेस? पुरुषांचंही घेतेस का? रेट काय आहे?" खाली आणखी दोन ओळी होत्या. त्या मी इथं लिहिणार नाही.

आम्ही तिघांनी ते खातं त्याच दिवशी समूहातून म्यूट केलं. म्यूट केलं की कमेंट समूहात दिसत नाही, पण साईटवर राहतेच, आणि उणे मत तर कोणीच थांबवू शकत नाही. खातं बंद करायचा अधिकार तिथं कोणालाच नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या सगळ्या पोस्टांवर ओळीनं उणे मतं पडली होती. आणि एक नवी कमेंट होती. "बाजाराच्या रस्त्यावर हिरवा पडदा. एक दिवस येऊन पाहतो तुझी मापं."

तिनं गावाचं नाव कधीच लिहिलं नव्हतं. मीच तिला तसं बजावलं होतं. म्हणजे कोणीतरी इथलाच, तिचं दुकान पाहिलेला. मी तिच्या दुकानासमोर उभ्या राहणाऱ्या पोरांचा विचार केला. तिच्या नवऱ्याच्या मित्रांचा केला. एका गिऱ्हाईकाचासुद्धा केला, ज्याच्याशी तिचं एकदा फॉलवरून वाजलं होतं.

आणि मी सल्ला घ्यायला सरांना फोन केला.

सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मधे एकदा "अरेरे" म्हणाले. "काय लिहिलं त्यानं, वाच तरी," म्हणाले. मला वाचवेना, मी म्हटलं, सर, बोलण्यासारखं नाही. ते म्हणाले, "समाज फार खालावला आहे. तू तिला सांग, काही दिवस लिहिणं बंद ठेव. त्यातच तिचं भलं आहे."

मी तिला तसं सांगितलं. शब्दाला शब्द.

तोवर त्या हिरव्या पडद्याच्या कमेंटचा फोटो कोणीतरी गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. तिचा नवरा संत्र्याची गाडी चालवतो. त्याला तो मंडीत कोणी दुसऱ्यानं दाखवला. घरी येऊन त्यानं मारलं वगैरे नाही. त्यानं फक्त विचारलं, "हा कोण आहे, तुले ओळखते का?" ती म्हणाली, तेच जास्त लागलं.

तिनं सगळं पुसून टाकलं. त्या साईटवर पोस्ट पूर्ण काढता येत नाही, मजकूर मात्र बदलता येतो. तिनं एकेक पोस्ट उघडून आतला मजकूर काढला आणि प्रत्येकीच्या जागी एक टिंब ठेवलं. म्हातारीचा खिसा गेला, ती नवरी गेली. मी पाहिलं तेव्हा पानभर नुसती टिंबं होती.

डिसेंबरात आईचे डोळे दाखवायला मी पांढुर्ण्याला गेले. सरांचा आदल्या दिवशीच फोन आला होता, "फोटो चढत नाहीत गं, येशील तेव्हा बघ जरा." दुपारी आईला घरी सोडून मी त्यांच्याकडे गेले. काकू व्हरांड्यात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सरांनी फोन उघडून माझ्या हातात दिला आणि तेवढ्यात गॅसवाला आला म्हणून ते फाटकाकडे गेले.

मी साईट उघडली. वर कोपऱ्यात सरांचं नाव असायला हवं होतं. तिथं आकडे होते.

मला पहिल्यांदा वाटलं, मीच काहीतरी चुकीचं दाबलं. मी ते आकडे पुन्हा वाचले. बसचा नंबर नीट दिसला नाही की आपण डोळे बारीक करून वाचतो, तसे एकेक करून वाचले. तेच होते. म्यूट करताना मी स्वतः टाइप केले होते ते. खाली एक पोस्ट उघडी होती, तिच्यात एक टिंब होतं, आणि टिंबाखालच्या चौकटीत अर्धवट लिहिलेलं वाक्य होतं. "आता कशी गप्प बसलीस" इथपर्यंत.

फाटकावर सर गॅसवाल्याला म्हणत होते, "बाबा, सिलिंडर जपून ठेवा, फरशी नवीन आहे."

"पालक देऊ का वं तुले न्यायले?" काकूंनी विचारलं. "वावरातला आहे."

मी हो म्हटलं की नाही ते आठवत नाही. मी ते पान होतं तसं बंद केलं. सर आत आले. "झालं का गं?"

"नाही सर. फोनमध्ये जागाच नाही."

माझा आवाज नेहमीसारखा निघाला, याचं मला नंतर फार आश्चर्य वाटलं. मी चहा घेतला. काकूंनी दिलेला पालक आणि शेंगा पिशवीत घेतल्या. सर फाटकापर्यंत सोडायला आले.

सौंसरच्या बसमध्ये बसल्यावर मला एक गोष्ट सुचली जी आधी सुचायला हवी होती. त्या साईटवर कोणी कोणाला वजन दिलं याची नोंद उघडी असते, कोणीही पाहू शकतं. आम्ही तिघांनीही ती कधी पाहिली नव्हती. मी मोबाइलवर आकड्यांच्या खात्याची नोंद उघडली. त्याला वजन दिलं होतं सरांच्या खात्यानं. सरांच्या खात्याला दिलं होतं मी. त्या माणसाचं स्वतःचं असं वजन जवळपास काहीच नव्हतं. तिच्या पोस्टा ज्यानं तळाला नेल्या ते माझंच मत होतं. आणि हिरवा पडदा? तो मी दोनच माणसांना सांगितला होता, एक माझा नवरा आणि दुसरे सर.

शेजारची बाई म्हणाली, "बरं नाई वाटत का? खिडकीत या." मी खिडकीत बसले. बसमध्येच मी सरांना दिलेलं वजन परत घेतलं. एक बटण दाबायचं असतं, बस.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "नक्की ना? त्याईचा फोन दुसरं कोणी वापरत असंन." मला तेच हवं होतं. दोन दिवस मी तेच धरून बसले. सरांना मूलबाळ नाही, पण कोणी भाचा, कोणी शेजारी. पण काकूंना फोन उचलण्यापलीकडे काही येत नाही आणि घरात तिसरं कोणी नाही, हे मला माहीत होतं. आणि त्या घाणेरड्या कमेंटा मी पुन्हा काढून वाचल्या, तेव्हा दिसलं ते आधी दिसलंच नव्हतं. त्यांच्यात एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नव्हतं. आमच्या भागात इतकं शुद्ध मराठी लिहिणारे मला दोनच ठाऊक आहेत, एक ते आणि दुसरी त्यांनी शिकवलेली मी.

मॉडरेटर दोघांना मी सगळं कळवलं. पुण्याची मुलगी म्हणाली, "मॅडम, नाव जाहीर करा. फोटोसकट." कोल्हापूरचे काका म्हणाले, "तुमचे गुरुजी आहेत. आधी तुम्ही त्यांच्याशी बोला, मग ठरवू."

रविवारी सकाळी मी पांढुर्ण्याला गेले. सर पेपर वाचत होते. मी बसले नाही. म्हटलं, "सर, ते आकड्यांचं खातं तुमचं आहे."

"कोणतं खातं?"

"लोधीखेड्याच्या बाईला लिहिणारं. मी त्या दिवशी तुमच्या फोनमध्ये पाहिलं."

त्यांनी पेपरची घडी केली. अगदी नीट, कडेला कड लावून. "फोन कोणीही उघडू शकतो. तूसुद्धा उघडलासच की."

"तिचं दुकान घराबाहेर मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

मला वाटलं होतं ते रडतील, किंवा हात जोडतील. बसमध्ये मी त्याचीच तयारी केली होती, कसं सांभाळायचं त्यांना. पण सरांचा चेहरा लाल झाला आणि ते ओरडले. त्यांना ओरडताना मी शाळेतही ऐकलं नव्हतं.

"चाळीस वर्षं या गावात मराठी शिकवलं मी! लोक हिंदीत हगत-मुतत होते तेव्हापासून! आणि पॉइंट कोणाला? जिला वेलांटी कुठली द्यायची ते कळत नाही तिला! तिच्या त्या 'काऊन' अन् 'कायले'ला पुणेवाले टाळ्या वाजवतात. अन् मले? मले काय भेटलं?"

मले. ते त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

"म्हणून हे लिहायचं सर? रेट विचारायचा?"

"तसं म्हटल्याशिवाय असल्या बाया थांबत नाहीत."

काकू दारात उभ्या होत्या. केव्हापासून, कोणास ठाऊक. हात पिठाचे होते. "कायचा रेट?" त्यांनी विचारलं.

"तू आत जा. तुला यातलं काही कळत नाही."

काकू आत गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, "काय लिहिलं यायनं? वाच वं."

मी सरांकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते. मी पहिली कमेंट वाचली, गोठ्याची. दुसरी वाचायला गेले आणि फोन खाली केला. मग काकूंनी पदराला हात पुसले, खिडकीतला चष्मा घेतला, माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतः वाचायला लागल्या. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. एकेक अक्षर जोडून, मोठ्यानं वाचत होत्या, लहान मुलं धडा वाचतात तशा. तू-को-णा-को-णा-चं. मी म्हटलं, काकू, राहू द्या. त्या थांबल्या नाहीत. शेवटच्या दोन ओळीसुद्धा त्यांनी वाचल्या. त्या शब्दांचा अर्थ त्यांना वाचून झाल्यावर लागत होता, आणि तो लागताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होत होतं ते मला पाहवत नव्हतं.

मग त्यांनी चष्मा काढला.

"माही मायबी कपडे शिवे," त्या सरांना म्हणाल्या. "तुमच्या कॉलेजच्या फीचे पैसे तिनंच देल्ले होते. आठवते का?"

काकूंनी टेबलावरचा सरांचा फोन उचलला आणि ब्लाऊजात टाकला. "आता हा माह्यापाशी राहीन. फोन आला तं मी देतो." एवढं म्हणून त्या पोळ्या करायला आत गेल्या. पोळपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज यायला लागला. मी उभीच होते. सरांनी पेपर पुन्हा उघडला. मी निघाले तेव्हा तो त्यांच्या तोंडासमोर धरलेला होता.

समूहात आम्ही लिहिलं की एकाच माणसाची दोन खाती आहेत, एकातून दुसऱ्या सभासदाला त्रास दिला गेला आणि दोन्ही खाती समूहात कायमची म्यूट केली आहेत. कोणाचं वजन वापरलं गेलं तेही लिहिलं. माझं खातं मीच दाखवलं. सरांचं खरं नाव मी लिहू दिलं नाही. पुण्याची मुलगी त्यावरून महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तिचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही.

मग मी लोधीखेड्याला गेले. ती एका मुलीचं माप घेत होती, टेप गळ्यात, पेन्सिल कानावर. नवराही दुकानातच होता, गाडीला माल नव्हता. मुलगी गेल्यावर मी सगळं सांगितलं. माझं वजन, माझ्या तोंडून गेलेला हिरवा पडदा, सगळं. पडदा तिनं केव्हाच काढला होता. आता तिथं नुसती तार होती.

"हिच्या ओळखीचा होता का?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही. माझ्या ओळखीचा होता. पाहिजे तर नाव सांगते, तुम्ही पोलिसात जा. मी साक्ष देईन."

"मंग तुमाले काऊन नाई लिहिलं त्यानं असं? इलेच काऊन?"

खरं उत्तर मला माहीत होतं. मी सरांसारखं लिहायचे.

तिनं नवऱ्याला हातानं थांबवलं. "नाव नोका सांगू ताई," ती म्हणाली. "नाव माहीत झालं तं मी रोज त्या माणसाचा विचार करीन. आता तरी तो कोणीच नाई." मग टेप गुंडाळत, "पर पोलिसात जायचं ठरवलं तं येऊन नाव मागीन. तवा द्यान ना?"

"देईन."

अजून तिनं मागितलेलं नाही. साईटवर ती परत आलेली नाही. मी एकदा विषय काढला तर तिनं माझ्याच ब्लाऊजचं माप घ्यायला टेप काढला आणि म्हणाली, "हात वर करा." मी मॉडरेटर आहे अजून. कोणाची तक्रार आली की आता मी आधी वजनाची नोंद काढून बसते. लक्ष नका देऊ असं कोणालाही सांगत नाही.

सर मला त्यानंतर एकदाच दिसले. पांढुर्ण्याच्या भाजीबाजारात, हातात पिशवी. मी समोरून येत होते, वळायला जागा नव्हती. सवयीनं मी वाकले. हात त्यांच्या पायांपर्यंत जाता जाता मधेच थांबला. खाली जाईना, वर येईना. सरांनीच पाय मागे घेतले. "बरी आहेस ना," ते म्हणाले, आणि टमाट्याचा भाव विचारायला वळले.